कॉम्पोझिट डेकला रंग मारायचं काम: आधी तपासणी विका, मग रंग



पेंटिंगचं काम करणाऱ्यांना किंवा त्यात उतरू पाहणाऱ्यांना हल्ली एक चौकशी हमखास येते. "गच्चीवरच्या गार्डनमध्ये लाकडासारखं दिसणारं डेक आहे, चार-पाच वर्षांत पांढुरकं पडलंय. रंग मारून द्याल का?" पुणे-मुंबईच्या टेरेस फ्लॅटमध्ये, लोणावळा, कर्जत, अलिबागच्या बंगल्यांमध्ये, स्विमिंग पूलच्या कडेला अशी डेक भरपूर बसवली गेली आहेत. आता ती जुनी व्हायला लागली आहेत, म्हणजे काम आहेच.

पण हे काम भिंतीच्या किंवा साध्या लाकडाच्या कामासारखं धरून घेतलं, तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे उडतात. ग्राहक फोन करतो, पैसे परत मागतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव फिरतं. ज्या सोसायटीतून पुढची दहा कामं मिळाली असती, तिथलं दार बंद होतं.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. रंग कुठल्या डेकवर बसतो आणि कुठल्यावर बसत नाही. बसणार असेल तर काम कसं करायचं. आणि या कामाचा भाव कसा काढायचा. लेख थोडा मोठा आहे, पण वही-पेन घेऊन वाचा.

हे डेक नक्की कशाचं असतं?

कॉम्पोझिट म्हणजे मिश्रण. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र तापवून, साच्यातून दाबून लांब पट्ट्या काढतात. आपल्याकडे याला सरसकट डब्ल्यूपीसी म्हणतात. डेकसाठी बहुतेक वेळा पॉलिथिलीन वापरतात, म्हणजे पिशव्या आणि डबे ज्याचे होतात त्याच घराण्यातलं प्लास्टिक.

इथे पहिला गोंधळ होतो. प्लायवूडच्या दुकानात "डब्ल्यूपीसी" मागितलं तर दुकानदार दरवाज्याच्या चौकटीसाठी किंवा किचन ट्रॉलीसाठी वापरतात तो पांढरट बोर्ड दाखवतो. तो बहुतेक पीव्हीसीचा फोम बोर्ड असतो. त्याच्यावर रंग तुलनेने चांगला बसतो. त्यामुळे एखादा पेंटर म्हणतो, "डब्ल्यूपीसीला मी कितीतरी वेळा रंग मारलाय, काही होत नाही." तो खोटं बोलत नसतो, पण तो वेगळ्या मालाबद्दल बोलत असतो. नाव एक, माल दोन. हे आधी स्वतःच्या डोक्यात स्पष्ट करून घ्या.

डेकच्या पट्ट्यांमध्येही दोन जाती आहेत.

पहिली, उघडी पट्टी. वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण. हात फिरवला की किंचित खरखरीत लागते, ऊन-पावसाने फिकट होते, कापलेल्या टोकाला आत-बाहेर एकच रंग दिसतो.

दुसरी, कवच असलेली पट्टी. बाजारात हिला कॅप्ड म्हणतात. आत तेच मिश्रण, पण बाहेरून प्लास्टिकचं पातळ आवरण चढवलेलं असतं. कापलेल्या टोकाकडे बघितलं की कडेची वेगळ्या रंगाची रेघ स्पष्ट दिसते.

दोन जाती का झाल्या, तेही समजून घ्या. हा उद्योग वाढला अमेरिकेत. तिथे १९९६ मध्ये मोबिल कंपनीच्या कॉम्पोझिट विभागातून ट्रेक्स ही कंपनी उभी राहिली. भुसा आणि वापरलेल्या प्लास्टिक पिशव्या यांपासून डेकच्या पट्ट्या करायच्या, ही तिची कल्पना. सुरुवातीच्या उघड्या पट्ट्या फिकट पडायच्या, त्यांच्यावर बुरशीचे ठिपके यायचे. त्यावर उपाय म्हणून पुढे कवचाच्या पट्ट्या आल्या. म्हणजे कवच बसवलंच आहे ते बाहेरचं काही आत मुरू नये, चिकटू नये म्हणून. आणि आपण जाऊन त्याच्यावर रंग चिकटवायला बघतो! अडचण कुठे आहे, लक्षात आलं ना?

रंग का बसत नाही?

अळवावरचं पाणी आपल्याला माहीत आहे. पानावर थेंब पडतो, गोळा होतो, घरंगळून जातो. पॉलिथिलीनचा पृष्ठभागही साधारण तसाच वागतो. त्याला द्रव पसरून धरून ठेवणं जमत नाही. रंग पसरलाच नाही तर पकड कसली घेणार?

याशिवाय आणखी चार कारणं आहेत.

१. पट्ट्या तयार करताना साच्यातून सहज सरकाव्यात म्हणून मेणासारखे पदार्थ घालतात. ते हळूहळू वर येतात. त्यामुळे नव्याकोऱ्या पट्टीवर रंग सर्वात वाईट बसतो. उघडी पट्टी काही महिने ऊन-पाऊस खाऊन धुतली गेली की परिस्थिती सुधारते.

२. प्लास्टिक उन्हात लाकडापेक्षा जास्त लांबतं आणि गारव्यात आखडतं. वरचा रंग कडक असेल तर त्याला ही ओढाताण सोसत नाही आणि तडे जातात. म्हणूनच लोखंडी ग्रीलला मारतात तो ऑईलपेंट इथे मारायचा नाही. सुतार सांगेल, "पीयू मारा, चकाचक होईल." लाकडी फर्निचरची पॉलिश ही लाकडासाठी असते, ती इथे आणू नका.

३. जुन्या उघड्या पट्टीवर उन्हाने कमकुवत झालेला भुकटीसारखा थर असतो. हात फिरवला की हाताला पांढरं लागतं. रंग त्या भुकटीला चिकटतो आणि भुकटी पट्टीला सोडते. मग रंग भुकटीसकट उडतो.

४. पाणी खालून येतं. गच्चीवर डेकखाली पाणी साचत असेल किंवा पोकळ पट्ट्यांच्या टोकांना झाकणं नसतील, तर आतला ओलावा वर यायला बघतो आणि रंगाला फुगे येतात.

आणि आता या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकदा रंग मारला की मागे जाता येत नाही. भिंतीवरचा खराब रंग खरवडून पुट्टी भरता येते. डेकच्या पट्टीवर लाकडाच्या रेषांची नक्षी असते. रंग वरून उडतो आणि रेषांमध्ये अडकून राहतो. रिमूव्हरने प्लास्टिकच खराब होऊ शकतं. मशीनने घासलं तर नक्षी जाते, कवच असेल तर कवच जातं. फिकट पडलेलं डेक निदान एकसारखं फिकट दिसतं. पोपडे उडालेलं डेक खरूज झाल्यासारखं दिसतं. ग्राहकाने लाखभर रुपये घालून बसवलेली वस्तू आपल्या हातून कायमची बिघडू शकते, ही जबाबदारी ओळखून काम घ्या.

पहिली भेट: पाच तपासण्या

फोनवर भाव सांगायचा नाही. "काका, फोटो पाठवा, बघतो" इथवर ठीक. भाव प्रत्यक्ष बघितल्यावरच. जागेवर गेलात की या पाच गोष्टी तपासा.

एक, टोक बघा. कडेची किंवा कोपऱ्यातली कापलेली पट्टी शोधा. कवच आहे की नाही ते तिथे कळतं.

दोन, पाण्याचे थेंब टाका. एक भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा होऊ द्या आणि त्यावर चार-पाच थेंब टाका. दहा-पंधरा मिनिटांनी थेंब तसेच गोळा होऊन बसले असतील तर रंग धरणं कठीण. थेंब पसरून पट्टी गडद झाली असेल तर आशा आहे. हा अंदाज आहे, अंतिम निकाल नव्हे.

तीन, काळं फडकं फिरवा. भुकटी किती निघते ते बघा. जास्त निघत असेल तर घासण्याचं काम वाढणार, म्हणजे मजुरी वाढणार.

चार, खाली बघा. पट्ट्यांच्या फटीतून टॉर्च मारा. खाली पाणी साचलंय का, पालापाचोळा अडकलाय का, खालचे आडवे बार आणि क्लिपा शाबूत आहेत का? डेकवर चालून बघा. कुठे दबतं, कुठे वाजतं? खालचा सांगाडा खराब असेल तर रंगाचं नावही काढू नका. वरून रंग मारून आतला बिघाड झाकणं ही ग्राहकाची फसवणूक झाली. उद्या कुणाचा पाय अडकून पडला तर?

पाच, कागद विचारा. "मॅडम, डेक बसवलं तेव्हाचं वॉरंटी कार्ड आहे का?" रंग मारल्यास किंवा घासल्यास वॉरंटी जाते, अशी अट अनेक कंपन्या घालतात. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर ग्राहकाला हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. कधी कधी कंपनीकडूनच पट्ट्या बदलून मिळू शकतात. ही माहिती दिल्यामुळे तुमचं एक काम जाईल, पण तो ग्राहक चार लोकांना सांगेल, "हा माणूस सरळ आहे."

तीन उत्तरं

तपासणीनंतर तुमच्याकडे तीनपैकी एक उत्तर असायला हवं.

"हो": उघडी पट्टी, निदान एक पावसाळा झालेला, पाणी थोडं मुरतंय, सांगाडा ठीक. नमुना मारून बघायला हरकत नाही.

"फक्त स्वच्छता": कवच असलेली पट्टी, रंग मूळचा शाबूत, पण वर शेवाळ, धूळ, कुंड्यांचे डाग. अशा डेकचा "रंग गेला" असं ग्राहकाला वाटतं, प्रत्यक्षात मळ साचलेला असतो. नीट धुतलं की निम्मं काम होतं. इथे रंग विकणं म्हणजे ताप नसताना इंजेक्शन देणं.

"नाही": नवीन पट्टी, चकचकीत कवच, खाली कायम ओलावा, किंवा सांगाडा कुजलेला.

नवीन उद्योजकाला "नाही" म्हणायला जड जातं. महिन्याचा हप्ता असतो, घरी विचारतात काम आलं का. मान्य आहे. पण या कामात चुकीचा "हो" सगळ्यात महाग पडतो, हे खाली हिशेबात दिसेलच.

नमुना: हाच तुमचा खरा माल

"हो" असलेल्या डेकवरही थेट काम सुरू करायचं नाही. तीन ठिकाणी एक-एक चौरस फुटाचा नमुना मारायचा: एक भर उन्हात, एक सावलीत किंवा कुंडीजवळ, एक चालण्याच्या वाटेवर. शक्यतो सोफ्याखाली किंवा कोपऱ्यात येतील अशा जागा निवडा. धुणं, वाळवणं, घासणं, प्रायमर, दोन हात रंग, सगळं जसं खऱ्या कामात करणार तसंच.

मग किमान ७ दिवस थांबा, जमल्यास १५. नंतर धारदार ब्लेडने रंगावर उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडा, चौकटी तयार होतील. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर निघाल्या तर काम नाकारायचं. जागच्या जागी राहिल्या तर पुढे जायचं. रंग उद्योगात पकड तपासायची हीच पद्धत वापरतात, एएसटीएम डी ३३५९ या नावाने तिचं मानकही आहे. तुम्हाला प्रयोगशाळा लागत नाही, ब्लेड आणि टेप पुरते. आधी अर्धा तास ओलं फडकं ठेवून, पुसून मग हीच चाचणी केली तर पावसाळ्याचाही अंदाज येतो.

या तपासणीचे पैसे घ्या. समजा १,५०० रुपये, काम मिळालं तर बिलातून वजा. फुकट तपासणी केली की ग्राहक तिला किंमत देत नाही आणि "नाही" सांगणं तुम्हाला परवडत नाही. पैसे घेतले की "नाही" हेसुद्धा विकलेलं उत्तर होतं. ग्राहकाचे पंचवीस हजार वाचले, तुमचा दिवस फुकट गेला नाही.

असं सांगा: "काका, रंग मारून देतो, पण आधी तुमच्या डेकवर तो टिकतो का ते बघू. तीन ठिकाणी नमुना मारतो, पंधरा दिवसांनी तुमच्यासमोर टेप लावून ओढतो. टिकला तरच पुढचं बोलू." समोरचा माणूस लगेच ओळखतो, याला कामातलं कळतं.

प्रत्यक्ष काम

धुणं. आधी फटींमधला कचरा काढा. मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, पट्टीच्या रेषेच्या दिशेने. लोखंडी तारेचा ब्रश नको, तारेचे कण राहतात आणि गंज उतरतो. प्रेशर वॉशर वापरायचा असेल तर पंख्यासारखी धार देणारा नोझल, एक फूट अंतर आणि कमी दाब. १,५०० पीएसआयच्या आत ठेवलेला बरा. एका जागी धार धरली तर पट्टीवर कायमचा ओरखडा उठतो.

शेवाळ आणि बुरशीसाठी पातळ केलेलं ब्लीच चालतं, पण आधी कोपऱ्यात लावून बघा, पट्टीचा रंग उतरू शकतो. गंजाचे आणि पानांचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. हातमोजे आणि चष्मा हवाच.

ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. बाथरूम साफ करायचं लिक्विडसुद्धा बहुतेक ॲसिडच असतं. हेल्परला हे काम सुरू होण्याआधी सांगा. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी. झाडांवर आधी साधं पाणी मारा, कुंड्या बाजूला घ्या आणि खालच्या मजल्यावर पाणी कुठे उतरतं ते बघा. शेजाऱ्यांशी भांडण हा खर्चच आहे.

वाळवणं. किमान दोन कोरडे दिवस. खात्रीसाठी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबा.

घासणं. उघड्या पट्टीवर १०० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात. भुकटी निघून जावी एवढाच उद्देश, नक्षी घालवायची नाही. मास्क लावा, धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढा.

प्रायमर. प्लास्टिकवर पकड घेणारा, बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक प्रायमर. दुकानात "कॉम्पोझिट डेकवर, पॉलिथिलीनवर चालतो का?" असं स्पष्ट विचारा आणि कंपनीचं माहितीपत्रक मागा. भिंतीचा सिमेंट प्रायमर इथे उपयोगाचा नाही.

रंग. पाण्यात मिसळणारा, शंभर टक्के ॲक्रिलिक, बाहेरच्या फरशीला किंवा डेकला चालणारा. भिंतीचा एक्स्टिरिअर इमल्शन पायाखाली झिजतो. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात. रोलरने लावून लगेच ब्रशने रेषेच्या दिशेने ओढा. दोन पट्ट्यांमधली फट रंगाने बुजू देऊ नका, पाणी तिथूनच जातं. पूलच्या कडेला किंवा पायऱ्यांवर घसरण टाळणारी बारीक पूड मिसळा. त्याशिवाय ते काम घेऊच नका.

शेड निवडताना मूळ रंगाच्या जवळची घ्या. ओरखडा आला तरी उठून दिसत नाही. गडद रंग ऊन जास्त खातो, पट्टी जास्त तापते, जास्त लांबते आणि अनवाणी चालवत नाही.

वेळ. आपल्याकडे ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. थंडीत सकाळी दव असतं, ते सुकल्यावर सुरू करा आणि दुपारी तीनच्या आत थांबा, म्हणजे रात्रीच्या दवाआधी रंग सुकेल. एप्रिल-मेच्या दुपारी डेकवर पाय ठेवता येत नाही, तिथे रंग पसरण्याआधीच सुकतो. कोकणात हवा दमट, म्हणून दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलाय त्यापेक्षा वाढवा. पावसाळ्यात हे काम नाही. मात्र पावसाळा संपला की शेवाळ धुण्याची मागणी असते. ऑक्टोबरमध्ये स्वच्छता, तेव्हाच नमुना आणि नोव्हेंबरमध्ये रंग असं वेळापत्रक लावा.

हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून स्वतःचा हिशेब करा.

समजा डेक ३०० चौरस फूट. डब्यावर लिहिलंय, एका लिटरमध्ये एका हाताला १०० चौरस फूट. नक्षी आणि खाचा असल्यामुळे २५ टक्के जास्त धरायचे. दोन हातांना ६ लिटर अधिक दीड, म्हणजे साडेसात. ४ लिटरचे दोन डबे घ्यायचे. प्रायमरला ३ लिटर अधिक पाऊण, म्हणजे एक ४ लिटरचा डबा.

मजुरी: धुणं १ दिवस, घासणं आणि प्रायमर १ दिवस, रंगाचे २ दिवस. दोन माणसं, म्हणजे ८ रोज.

- मजुरी, ८ रोज, १,००० रुपयांप्रमाणे: ८,०००
- रंग, ८ लिटर, ६०० रुपयांप्रमाणे: ४,८००
- प्रायमर, ४ लिटर, ५०० रुपयांप्रमाणे: २,०००
- क्लीनर, ब्रश, रोलर, टेप, पॉलिश पेपर, मास्क: १,५००
- मशीन आणि वाहतूक: १,२००
- तपासणी आणि नमुन्याच्या फेऱ्या: १,०००

एकूण खर्च १८,५००. यात दुरुस्तीच्या फेरीसाठी १० टक्के, म्हणजे १,८५० बाजूला ठेवा. झाले २०,३५०. त्यावर तुमचा व्यवस्थापनाचा खर्च आणि नफा २५ टक्के, म्हणजे साधारण २५,५००. चौरस फुटाला ८५ रुपये.

आता समजा तुम्ही फोनवरच "चाळीस रुपये फूट" सांगून मोकळे झालात. १२,००० मिळतील, १८,५०० खर्च होतील. ६,५०० रुपये खिशातून. हा तोटा भरून काढायला मग पेंटर काय करतो? नमुना गाळतो, वाळवायचे दिवस गाळतो, प्रायमर गाळतो. आणि पोपडे उडतात ते नेमके तिथूनच. कमी भावाचं काम खराब होतं, कारण ज्या गोष्टींवर ते टिकतं त्याच गोष्टी भावात बसत नाहीत.

आणि चुकीचा "हो" किती महाग? पोपडे काढणं, घासणं, पुन्हा रंग, म्हणजे मूळ कामापेक्षा जास्त मजुरी, तीही बिल न करता. अशा एका कामात पुढच्या तीन-चार कामांचा नफा जातो.

ग्राहकाला हेही सांगा की रंगवलेल्या डेकला देखभाल लागते. चालण्याच्या वाटेवर रंग आधी झिजणार, काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागणार. मूळ पट्टीला ही कटकट नव्हती. त्याने नव्या पट्ट्यांचा भावही घ्यावा, दोन्ही आकडे समोर ठेवावेत आणि मग ठरवावं.

कागदावर काय लिहायचं?

कोटेशनवर हे सहा मुद्दे असू द्या.

१. डेकची सध्याची अवस्था, तारखेसह फोटो.
२. नमुन्याची तारीख आणि टेप चाचणीचा निकाल, ग्राहकाची सही.
३. रंग मारल्याने मूळ वॉरंटी जाऊ शकते, ही सूचना.
४. तुमची हमी: पोपडे उडाल्यास एक वर्षात त्या भागाची दुरुस्ती. फिकट होणं, खुर्ची-टेबलचे ओरखडे, कुंडीखाली साचलेलं पाणी हे हमीत नाही.
५. पैसे: काम ठरताना ४० टक्के, प्रायमर झाल्यावर ४० टक्के, काम पूर्ण झाल्यावर २० टक्के.
६. पाऊस आला तर काम थांबेल आणि तारीख पुढे जाईल.

हमी देताना छाती ठोकून "पाच वर्षं काही होणार नाही" म्हणू नका. जेवढं पाळता येईल तेवढंच लिहा.

भांडवल कमी असेल तर सुरुवात कुठून?

स्वच्छतेपासून. मऊ ब्रश, बादल्या, क्लीनर, हातमोजे एवढ्यावर सुरू होतं. मशीन भाड्याने मिळतं. धुण्याच्या कामात पोपड्यांची भीती नाही, पैसे त्याच दिवशी मिळतात आणि आधीचा-नंतरचा फोटो ही आयती जाहिरात. शिवाय धुतानाच कळतं, कुठल्या डेकला रंग लागेल आणि कुठल्याला नाही. वर्षातून दोनदा धुण्याचा करार केलात तर दहा घरांतून वीस कामं ठरलेली. रंगाचं काम त्यावर वाढतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, ओळखीतल्या दोन ठिकाणी डेक बघून या आणि पाच तपासण्या करून वहीत लिहा. दोन, फॅब्रिकेटर किंवा डेक बसवणाऱ्याकडून उघड्या आणि कवच असलेल्या पट्टीचे एक-एक कापलेले तुकडे मागून आणा, ते फेकूनच देतात. दोन्हीवर धुऊन, घासून, प्रायमर आणि रंग लावा, पंधरा दिवसांनी टेप ओढा. तीन, तुमच्या गावच्या दराने ३०० चौरस फुटांचा हिशेब मांडा.

ते दोन तुकडे टेप लावलेल्या अवस्थेत पिशवीत ठेवा आणि ग्राहकाकडे जाताना सोबत न्या. एकावर रंग टिकलाय, दुसऱ्यावरचा निघालाय, हे त्याला हातात घेऊन बघू द्या. तुमचं अर्धं बोलणं ते तुकडेच करतील.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काम चोख, हिशेब रोख!